मागच्या बाजूचं गाणं

गेल्या हिवाळ्यात आई-पप्पा आमच्याकडे दोह्याला आले, तेव्हा पप्पांच्या हातात गाण्याची एक जुनी तबकडी होती आणि ती वाजवायला आमच्या घरात काहीच नव्हतं. वसईच्या घराचं रंगकाम काढलं होतं. माझा भाऊ तिथे लक्ष ठेवून होता, तरी रंगाऱ्यांच्या वावरात ती तबकडी ठेवायला पप्पा तयार नव्हते. आईच्या जुन्या साडीत गुंडाळून, दोन्ही बाजूंना पुठ्ठे लावून त्यांनी ती विमानात मांडीवर धरून आणली.

"त्यापेक्षा माझ्या सुक्या जवळ्याची पिशवी धरली असती तर बरं झालं असतं," गाडीत बसल्या बसल्या आई म्हणाली. "तो सगळा बॅगेत सांडलाय."

पुढचे कित्येक दिवस पप्पांच्या शर्टांना जवळ्याचा वास येत होता.

आम्ही ओल्ड एअरपोर्ट भागात राहतो, एका मोठ्या व्हिलाचे भाग पाडून केलेल्या घरात. नवरा मेसईदला खताच्या कारखान्यात आहे; कंपनीची बस त्याला उजाडायच्या आत घेऊन जाते. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मुलगी चौदा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. त्यामुळे घरात आम्ही तिघं असलो की बोलणं भराभर संपतं. आई-पप्पा आल्यावर ते लांबलं.

तबकडी पप्पांच्या लाडक्या अमेरिकन गायकाची. पप्पा त्याचं नाव क्वचितच घेतात. आमच्या घरात तो 'आमचा अमेरिकन', जणू लांबच्या नात्यातला कुणी तिकडे जाऊन राहिलाय. मोठे काका, म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ, तरुणपणी जहाजावर नोकरीला होते. त्यांनी एका फेरीत चावीचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, आणि काही तबकड्या आणल्या. बाकीच्या फुटल्या, हरवल्या, कुणी नेल्या त्या परत आल्या नाहीत. ही एवढी राहिली. हिच्या पुढच्या बाजूला त्या गायकाचं गाजलेलं गाणं होतं, पण पप्पांचा जीव मागच्या बाजूच्या गाण्यावर.

पप्पा एसटीच्या डेपोत कारकून होते. लग्नाच्या मोसमात मात्र शनिवार-रविवारी ते पांढरा कोट घालून वसईतल्या एका बँडबरोबर गायचे. नवरानवरी पहिल्या डान्सला उठली की पप्पा हेच गाणं म्हणायचे. दिवे मंद झालेत, माझा हात धर, आज आपण सावकाश नाचू, रात्र आपलीच आहे, असा त्याचा साधारण अर्थ. ट्रम्पेट, सॅक्सोफोन सगळे त्यांच्या चालीनं हे गाणं शिकले होते. माझ्या रिसेप्शनलाही पप्पांनीच ते म्हटलं, मी नवऱ्याच्या बुटावर पाय दिला आणि तो हसू दाबत उभा राहिला, एवढं मला स्पष्ट आठवतं.

पप्पांना त्या गायकाची सगळी कारकीर्द पाठ. दाढी करताना, भाजी निवडताना ते ती कुणालाही सांगायचे. दोह्यात त्यांना माझी मुलगी सापडली. शाळेच्या बसमधून उतरून आली की ती खायला घेऊन त्यांच्यासमोर बसायची.

"हा आधी बँडमागे उभा राहून गायचा," पप्पा सांगत. "तेव्हा गायकाला किंमत नव्हती. लोक नाचायला यायचे, गाणं मधे थोडंसं. मग मायक्रोफोन सुधारला. बाकीचे गायक त्यातही ओरडायचे. यानं ओळखलं, की आता ओरडायची गरजच नाही. कानाशी बोलल्यासारखं गायचं. बायका वेड्या झाल्या."

"मग?" मुलगी इंग्रजीत विचारी.

"मग मोठ्या कंपनीनं घेतला. व्हायोलिनं आली, कोट आले. दर महिन्याला रेकॉर्ड. मग गिटारवाली पोरं आली आणि याचं दुकान बसलं. कंपनी म्हणाली, तूही तसं गा. यानं एकदा गायलं, फार वाईट गायलं. मग ती कंपनी सोडली."

"नंतर?"

"नंतर हॉटेलांत गायचा. म्हातारपणी पुन्हा काही रेकॉर्ड काढल्या. त्या मी ऐकत नाही. आवाज गेलेला माणूस. कशाला ऐकायचं त्याला तसं?"

मुलगी म्हणाली, एवढं सांगताय तर ते गाणंच ऐकू या, फोनवर जगातली सगळी गाणी आहेत. पप्पांचा विश्वास बसला नाही. पुढच्या बाजूचं गाणं तिनं लगेच शोधून दिलं. मागच्या बाजूचं मात्र मिळेना. गाजलेलं नसल्यामुळे कुणी ते जपून ठेवलं नसावं. बऱ्याच शोधानंतर एक मिळालं, पण ते म्हातारपणीचं, नुसत्या पियानोबरोबर गायलेलं. पप्पांनी दोन ओळी ऐकल्या आणि हात हलवला.

"बंद कर. हा तो नाही."

"आजोबा, तोच आहे," ती हट्टानं म्हणाली.

"आहे तोच. पण बंद कर."

तिला शोधायचा नादच लागला. अभ्यासातून उठून ती त्यांच्या खोलीत जाई, तबकडीवरच्या लेबलचा रंग, त्यावरची बारीक अक्षरं पाहून येई. मी रागावणार होते, पण दोघांची डोकी एका फोनवर वाकलेली पाहिली आणि परत फिरले.

एका शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्साहून आम्ही परतलो. चर्चच्या आवारातल्या गर्दीतून गाडी बाहेर काढता काढता दुपार झाली होती. मी हमूर माशाच्या तुकड्या तळायला घेतल्या, आई कढीला फोडणी देत होती. मुलगी धावत बाहेर आली. कुणा अमेरिकन माणसानं आपल्या संग्रहातल्या तबकड्या इंटरनेटवर घातल्या होत्या, आणि लेबल अगदी पप्पांच्या तबकडीसारखं होतं.

फोन टेबलावर ठेवून तिनं गाणं लावलं. सुरुवातीचा सॅक्सोफोन वाजला आणि पप्पांनी डोळे मिटले. त्यांनी हलक्या आवाजात साथ धरली. पहिलं कडवं झालं. आणि मग जे झालं ते पाहून मला आमचा फोनो आठवला. आमच्या तबकडीवर पहिल्या कडव्यानंतर एक लांब ओरखडा होता. तिथे सुई अडकते म्हणून काका बोटानं ती उचलून थेट शेवटच्या कडव्यावर ठेवायचे. पप्पांनीही तीच सवय उचलली. आम्हा मुलांना फोनोला हात लावू द्यायचे नाहीत, पण उजव्या हाताची ती चिमूट आम्ही शेकडो वेळा पाहिली होती. आताही डोळे मिटलेल्या पप्पांचा हात आपोआप वर गेला आणि ते शेवटचं कडवं गाऊ लागले.

फोनमधलं गाणं वेगळंच काही म्हणत होतं.

पप्पा थांबले. त्यांनी डोळे उघडले. गाणं संपलं.

"परत लाव," ते म्हणाले.

तिनं परत लावलं. मधलं कडवं आलं तसं पप्पांनी तिला हळू हळू सांगायला सांगितलं. इंग्रजी त्यांना येतं, पण गाण्यातली अक्षरं त्या काळच्या ध्वनिमुद्रणात विरघळलेली. ती अडखळत मराठीत सांगू लागली, शब्द सापडला नाही तिथे इंग्रजी घातलं. तो तिला म्हणतो, उद्या तुझं लग्न आहे, माझ्याशी नाही, दुसऱ्याशी. मी मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवीन. आजचा हा डान्स आपला शेवटचा.

पप्पा खुर्चीत मागे टेकले.

"म्हणजे मी एवढ्या लोकांच्या लग्नात हे गायलो," ते म्हणाले.

आई झारा हातात घेऊन दारात उभी होती. आधी तिनं ओठ दाबले, मग तिला आवरेना. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. "अहो, सगळ्यांचे संसार झाले की. काहींना नातवंडं आहेत."

मलाही हसू आलं. मुलगी तर जमिनीवर बसली. पप्पा हसले नाहीत. जेवताना त्यांनी तुकडीचे काटे काढून नीट ताटाच्या कडेला लावले आणि उठले.

त्यानंतर काही दिवस ते दाढी करताना गुणगुणले नाहीत. मला वाटलं, गाण्याची लाज वाटतेय. पण एका संध्याकाळी लॅबमधून घरी आले तर ते तबकडी मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसले होते.

"हा ओरखडा कधी पडला, मला आठवत नाही," ते म्हणाले. "मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हाही दादा सुई उचलत होता. दादाला इंग्रजी चांगलं येतं. त्याला ते कडवं माहीत असणार."

आई पलीकडे धुतलेले कपडे घडी करत होती. ती म्हणाली, "सासूबाईंनी मला एकदा सांगितलं होतं. पलीकडच्या आळीतल्या एका मुलीवर भाऊजींचा जीव होता, ते जहाजावर असताना तिचं लग्न ठरलं. ते कळवणारं पत्र पोचायच्या आधीच ते परत आले, ते थेट तिच्या लग्नाच्या आठवड्यात."

"तू मला कधी बोलली नाहीस."

"तुमच्या भावाचं होतं. मी काय बोलणार?"

मोठे काका लग्नाविना राहिले. ते आजही वसईत आमच्या घराच्या मागच्या खोल्यांत राहतात, अंगणातल्या सोनटक्क्याला पाणी घालतात. लहानपणी आम्हाला कधी कुणी कारण सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. काका म्हणजे तसेच, एवढंच आम्हाला वाटायचं.

नवऱ्याचा एक सहकारी मेसईदला कंपनीच्या वसाहतीत राहतो, मूळ नाशिकचा. त्याला जुन्या तबकड्यांचा शौक. वाजवायचं चांगलं यंत्र त्याच्याकडे आहे. नवऱ्यानं त्याला विचारलं आणि शनिवारी आम्ही सगळे निघालो. वाटेत एका टपरीवर करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा, घेतला. पप्पांनी पेला हातात धरला, पण लक्ष मांडीवरच्या साडीच्या गाठोड्याकडे.

त्या घरची मंडळी फार अगत्याची. पोहे आले, चिवडा आला. मग यजमानानं मऊ ब्रशनं तबकडी पुसली, जुन्या तबकड्यांसाठीची वेगळी सुई बसवली आणि म्हणाला, "काका, ओरखड्यापाशी मी उचलू का?"

"नको," पप्पा म्हणाले. "अडकली तर अडकू दे."

पहिलं कडवं संपलं. आम्ही सगळे त्या फिरणाऱ्या काळ्या तबकडीकडे पाहत होतो. सुई ओरखड्यावर आली, खट्, खट् वाजलं, आणि पुढे गेली. अडकली नाही. उद्या तुझं लग्न आहे, असं आमचा अमेरिकन आमच्याच तबकडीतून म्हणाला.

यजमानानं समजूत घातली, "जुन्या फोनोचं डोकं जड असायचं. त्यात अडकतही असेल. या यंत्राला ते जाणवत नाही. सांगता येत नाही."

"हो," पप्पा म्हणाले. "सांगता येत नाही."

घरी आल्यावर त्यांनी बूटही काढले नाहीत. माझ्या भावाला व्हिडिओ कॉल करायला लावला आणि म्हणाले, फोन दादाकडे ने. पडद्यावर अंगण हललं, रंगाचे डबे दिसले, मग काकांचा चेहरा आला. एवढा जवळ, की फक्त नाक आणि कपाळ.

"दादा, तुझ्या फोनोवरची ती तबकडी. मागच्या बाजूचं गाणं."

"काय?" काकांना कमी ऐकू येतं.

पप्पांनी आणखी काही विचारण्याऐवजी पहिल्या दोन ओळी म्हटल्या. काकांचा चेहरा थोडा मागे गेला. आता त्यांचे डोळे दिसू लागले. पप्पा थांबले तिथून त्यांनी पुढे धरलं. आवाज पातळ झालेला, वरच्या सुराला पोचत नव्हता, पण शब्द एकही चुकला नाही. पहिलं कडवं झालं आणि न थांबता ते मधल्या कडव्यात गेले. उद्या लग्न, मागची रांग, टाळ्या, शेवटचा डान्स. सगळं. माझी मुलगी माझ्या दंडाला धरून उभी होती. गाणं संपल्यावर काकांनी हाताच्या पालथ्या बाजूनं ओठ पुसले.

"तुला सगळं येत होतं," पप्पा म्हणाले. "मग तेव्हा सुई का उचलायचास?"

काकांनी कान फोनजवळ आणला. नीट ऐकू आलं की नाही, कळेना. मग म्हणाले, "तेव्हा ऐकवत नव्हतं."

"आणि आता?"

"आता काय," काका म्हणाले. "ती पण गेली मागच्या वर्षी. मातीला जाऊन आलो मी. तू तबकडी नीट ठेवलीस ना? आणि रंगाऱ्यांनी पायरीवर डाग पाडलाय, तो आल्यावर बघ."

पप्पा 'बघतो' म्हणाले. मग भावाभावांचं बराच वेळ पायरीच्या डागावरच बोलणं चाललं. घासलेट लावावं की पत्रीनं खरवडावं. आई मला म्हणाली, "बघ, हे असे आहेत," आणि चहा ठेवायला उठली.

त्या संध्याकाळी पप्पांनी नातीला बोलावलं. "ते म्हातारपणीचं लाव. पियानोवालं."

तिनं लावलं. पहिल्या दोन ओळींना त्यांनी हात हलवला नाही. तो आवाज खरोखर गेलेला होता. मधे श्वास घ्यायला तो थांबे, पियानो त्याच्यासाठी थांबे. तरुणपणी ज्या जागी तो स्वर लांबवत नेई, तिथे आता नुसता शब्द बोलून सोडून देत होता. मधलं कडवं तर जवळजवळ गद्यच. पप्पा पुढे वाकून ऐकत होते.

"याला आता गाणं कळलंय," ते म्हणाले. "आधी नुसता आवाज होता."

"आधीचं जास्त चांगलं आहे," मुलगी म्हणाली.

"तू चौदा वर्षांची आहेस. तुला ते आवडलंच पाहिजे."

मग त्यांनी त्या गायकाच्या म्हातारपणच्या सगळ्या रेकॉर्ड शोधायला लावल्या. इतकी वर्षं त्यांनी त्याच्या कारकिर्दीचा शेवटचा भाग कुलूप लावून ठेवला होता, तो आता रोज संध्याकाळी थोडा थोडा उघडू लागला. काही गाणी खरंच वाईट होती आणि ते तसं सांगत. काहींना ते उठून येरझाऱ्या घालत ऐकत. लहान कंपनीत, कमी पैशांत, चार वादकांना घेऊन त्यानं ती गायली होती. आपली जुनी गाणीच पुन्हा म्हटली होती, कारण पहिल्यांदा गायलेल्यांवर त्याचा हक्क राहिला नव्हता. हे पप्पांना नातीनं वाचून सांगितलं. "बिचारा," आई म्हणाली. पप्पा म्हणाले, "बिचारा कसला? त्या निमित्तानं पुन्हा गायला मिळालं."

जानेवारीत दोह्याजवळच्या मुऐदरला आमच्या ओळखीच्या जोडप्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. दोघंही वसईची. त्यांच्या व्हिलाच्या अंगणात दुपारचं जेवण होतं. हवा छान थंड, शाली घेतलेल्या बायका उन्हात खुर्च्या ओढून बसलेल्या. नवरदेव पप्पांकडे आला आणि पाया पडून म्हणाला, "काका, आमच्या लग्नात तुम्हीच गायला होतात. आज पुन्हा तेच पाहिजे."

पप्पांनी आईकडे पाहिलं. आईनं जिलबीचा तुकडा मोडला आणि दुसरीकडे पाहू लागली.

मला वाटलं, ते नाही म्हणतील, किंवा दुसरं काही गातील. पण ते उठले, घसा खाकरला, आणि कुणाच्याही साथीविना गायले. पहिलं कडवं आणि शेवटचं. मधलं सोडून. नवरानवरी हात धरून सावकाश वळत होती. ती थोडी जाडजूड झाली होती, त्याचे केस गेले होते. वसईची जी मंडळी होती ती पप्पांच्या बरोबरीनं गुणगुणत होती, आणि पहिल्या कडव्यावरून शेवटच्यावर सगळीच्या सगळी पप्पांसारखीच उडी मारून गेली. कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

परत येताना रस्त्यावर गर्दी होती. नवरा गाडी चालवत होता, मुलगी त्याच्या शेजारी, मागे आई-पप्पा आणि मी. पप्पा दमले होते, पण खुशीत होते.

"मधलं का नाही म्हटलंत?" मी विचारलं.

"त्यांच्याकडे कुणी मागच्या रांगेत नव्हतं," ते म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर आई म्हणाली, "आता म्हणा."

"आता?"

"मग काय. मी कुठे नीट ऐकलंय? त्या दिवशी माझी कढी उतू जात होती."

पप्पांनी बाहेर पाहिलं. मग काकांनी म्हटलं होतं तसं, फार सूर न लावता, त्यांनी मधलं कडवं म्हणायला घेतलं. तिसऱ्या ओळीला ते विसरले. पुढच्या सीटवरून मुलीनं शब्द सांगितला आणि त्यांनी तो उचलला. आई खिडकीला टेकून ऐकत होती. नवऱ्यानं आमचं वळण चुकवलं आणि गाडी तशीच सरळ पुढे नेली.